दोघी बहिणींचं मानपत्र

४ जानेवारी

धाकटे,

हे पत्र म्हणजे समेट नव्हे, हे आधीच सांगून ठेवते. कामाचं पत्र आहे. तुझा तपकिरी स्वेटर इथेच राहिलाय आणि थंडी मी म्हणतेय. तो पाठवायचा तर पत्ता खात्रीचा हवा. तू जाताना टेबलावर ठेवलेली चिठ्ठी मी त्याच दिवशी फाडली होती. तुकडे मात्र टाकायचे राहून गेले, ते जोडून हा पत्ता तयार केला आहे. चुकला असेल तर पत्र परत येईल आणि स्वेटर वाचेल.

त्या घड्याळवाल्यांच्या घरी राहायला गेलीस तर या घरात पुन्हा पाऊल टाकायचं नाही, असं मी तुला म्हटलं होतं. ते मी मागे घेतलेलं नाही. मी शब्द फिरवत नाही हे तुला लहानपणापासून माहीत आहे.

बाकी सगळं ठीक. दोन खोल्यांत एका माणसाचा पसारा तो कितीसा होणार. बटाटे मात्र अजून दोघींच्या अंदाजाने आणले जातात आणि मग त्यांना कोंब येतात. तुझ्या खिडकीची कडी वाऱ्याने वाजते. तू काय कागद खोचायचीस तिथे, ते बघून ठेवायला हवं होतं.

प्रकाशनात नवे संपादक आले आहेत. आपल्या भाच्यांच्या वयाचे असतील, म्हणजे आपल्याला भाचे असते तर. त्यांनी मला बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, आणि म्हणाले की मुलांच्या गोष्टींची पुस्तकं आता तात्पर्याशिवाय छापायची. इतकी वर्षं लोक गोष्टी लिहून आणतात आणि त्यांच्या खाली तात्पर्याची एक ओळ मी लिहिते. पाठीमागे मला तिथे तात्पर्यबाई म्हणतात हे मला ठाऊक आहे, आणि मला त्याचं काही वाईट वाटत नाही. मी विचारलं, मग मुलांना कळणार कसं? तर म्हणे, मुलांना कळतं हो. मुलांना कळत असतं तर ती मोठेपणी अशी वागली असती का? (हे तुला उद्देशून नाही.)

शेजारचे विचारत होते. तुझी बदली झाली असं मी सांगितलं आहे. यात खोटं काही नाही. माणूस एका जागेवरून उठून दुसऱ्या जागी गेलं की लोक त्याला बदलीच म्हणतात. फक्त कुणी विचारलं तर तूही तेच सांग.

उत्तराची घाई नाही. स्वेटरपुरतं लिहिलंस तरी चालेल.

ताई


२१ जानेवारी

धाकटे,

पत्र मिळालं. पत्ता बरोबर निघाला म्हणायचा.

स्वेटर नको, नवा घेतला, असं लिहिलंस. बरं झालं. हा मी वापरीन, बाह्या जरा लांब होतात. दाताच्या दवाखान्यात काम मिळालं हेही चांगलं. लोकांच्या तोंडात डोकावायची तुला पहिल्यापासून हौस.

पण खालच्या अर्ध्या पानावर तू जे लिहिलंस ते वाचून मी पत्र उलटं ठेवलं, मग पुन्हा उचललं. त्या माणसाची बायको त्याच घरात आहे, हे तू मला आत्ता सांगतेस! मला वाटलं होतं ती माहेरी असेल, किंवा एखाद्या संस्थेत. तिची स्मरणशक्ती गेली, तिला नवरा ओळखू येत नाही, हे दुःखाचं आहे, कोण नाही म्हणतं? पण म्हणून तिच्या डोळ्यांदेखत? आणि वर तू किती सरळ लिहितेस, "मी तिच्यासाठी इथे आले नाही, ताई, यांच्यासाठी आले. तिचं करते कारण ती घरात आहे आणि तिला अंघोळ घालायला कुणीतरी लागतं." निदान तिच्या सेवेसाठी गेले असं तरी म्हणायचं होतंस! मला लोकांना नाही तरी स्वतःला सांगायला काहीतरी झालं असतं. अशा वेळी माणसं जी पळवाट ठेवतात तीही तू ठेवत नाहीस. आई गेली तेव्हा तू दात पडायच्या वयाची होतीस. तुला वाढवताना मी नेमकं काय चुकवलं याचा विचार करते आणि काही सापडत नाही, म्हणून जास्त राग येतो.

ते असो. खरी बातमी पुढेच आहे.

परवा संध्याकाळी सद्वर्तन मंडळाच्या अध्यक्षबाई आल्या होत्या. त्यांचं बोलणं तुला माहीत आहे, ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या पाठीवरून कुणी हात फिरवतंय. दर वर्षी वसाहतीतल्या एका घराला मंडळ मानपत्र देतं आणि ते लिहून मी देते, कारण शब्दांचं काम माझ्याकडे. निवड त्यांची, मजकूर माझा. गेल्या वर्षी कोपऱ्यावरच्या चष्मेवाल्यांना व्यसनमुक्त जीवनाबद्दल दिलं होतं. त्याच्या आदल्या वर्षी तळमजल्यावरच्या जोडप्याला सुखी संसाराबद्दल. त्यांचं पुढे फाटलं, काहीतरी दृष्ट लागली असणार. तर या वर्षी अध्यक्षबाई म्हणाल्या, निष्कलंक जीवनाबद्दलचं मानपत्र आम्ही तुम्हा दोघी बहिणींना द्यायचं ठरवलं आहे.

माझ्या आयुष्यात मला कुणी काही दिलेलं तुला आठवतं का? मला आठवत नाही. मी म्हटलं, ती बदलीच्या गावी असते, तिला जमायचं नाही. तर त्या म्हणाल्या, नाही नाही, दोघी हव्यात, एकट्या बहिणीला मान देऊन काय शोभा? सुट्टी काढून येईल की एका संध्याकाळपुरती.

म्हणून तुला विचारते आहे. तेवीस फेब्रुवारीला, सभागृहात, संध्याकाळी सहाला. काही बोलायचं नाही. व्यासपीठावर माझ्या शेजारी उभं राहायचं, बस. तुझ्याकडे मी आजवर काही मागितलं नाही, हेही आठवून बघ.

ताई


९ फेब्रुवारी

धाकटे,

येते म्हणालीस, बरं वाटलं. "तुला हवंय म्हणून येते, मंडळासाठी नाही," असं लिहायची गरज नव्हती, पण येते आहेस ना, झालं.

आता नीट वाच. निळा पोशाख घालून ये, मोठ्या गळ्याचा तो नव्हे. केस बांध. बदली कुठल्या खात्यात विचारलं तर आरोग्य खात्यात म्हण, दवाखाना आरोग्यातच मोडतो. राहायला कुठे विचारलं तर एका कुटुंबाबरोबर राहते म्हण. तेही खरंच आहे, मोजून बघ. काहीच सुचलं नाही तर हस. तू हसलीस की लोक प्रश्न विसरतात, हे तुझं पहिल्यापासूनचं भांडवल.

घरापुरतं सांगायचं तर त्या एका रात्रीची सूट आहे. कार्यक्रम संपेपर्यंत उशीर होणार आणि हे सगळं सार्वजनिक कामासाठी आहे, तेव्हा त्या रात्री तू इथे झोपलीस तर माझा शब्द मोडत नाही. मी नीट विचार केला आहे. तुझ्या गादीला ऊन दाखवलं. खिडकीच्या कडीत कागद घातला, पण तिला तुझाच हात लागतो, ती वाजतेच.

मानपत्र लिहून झालं. स्वतःबद्दल लिहायचं म्हणजे लाज वाटते, पण दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. त्यात एक वाक्य असं आहे, "मोहाच्या अनेक वाटा समोर असताना या दोघी बहिणींनी एकमेकींचा हात कधी सोडला नाही." खोडावं असं मनात आलं होतं. पण वाक्य चांगलं आहे, आणि तू काही मेलेली नाहीस की हात सुटला म्हणायचा. ठेवलं.

अध्यक्षबाईंनी वाचलं आणि डोळे टिपले. म्हणाल्या, तुमच्या लेखणीत धार आहे, बाई, ही लागायची तिथे लागते.

प्रकाशनात पहिलं पुस्तक तात्पर्याशिवाय छापून आलं. गोष्ट संपते आणि खाली नुसता कोरा कागद. मी बराच वेळ ते पान उघडून बसले होते. संपादक म्हणाले की तुम्ही आता प्रूफं तपासा, तुमची नोकरी कुठे जात नाही. फार सौजन्याने म्हणाले, त्यामुळे भांडताही आलं नाही. घरी येऊन सांगायला कुणी नव्हतं म्हणून इथे लिहिलं, नाहीतर यात कळवण्यासारखं काही नाही.

साडेपाचला बसथांब्यावर मी उभी असेन.

ताई


२४ फेब्रुवारी

धाकटे,

काल तू गेल्यावर मी दार लावलं आणि दिवा मालवून बसले. आज सकाळी रागाने उठले. राग आहे तोवर लिहून टाकते, नंतर मला तो धरून ठेवता येत नाही.

तू बसमधून उतरलीस तेव्हा तुला ओळखायला मला क्षणभर लागला. अंगाने भरली आहेस. चांगली दिसतेस. हे मी तुला तिथे म्हणाले नाही, कारण मला घाई झाली होती आणि तुझ्या गळ्याकडे बघायचं होतं. पोशाख योग्य होता.

सभागृहात माणसं किती होती! इतकी गर्दी मंडळाच्या कार्यक्रमाला मी कधी पाहिली नव्हती. चष्मेवाल्यांच्या वेळी तर मागच्या खुर्च्या रिकाम्याच होत्या. मला वाटलं, आपल्यावर लोकांचं प्रेम आहे. अध्यक्षबाईंनी मानपत्र वाचलं तेही किती सावकाश. "निष्कलंक" या शब्दाशी थांबल्या, "हात कधी सोडला नाही" इथे थांबल्या. पहिल्या रांगेतल्या बायका खाली बघत होत्या. मला वाटलं, गहिवरल्या. मग टाळ्या झाल्या, त्या थांबेचनात. इतक्या टाळ्या माझ्या वाट्याला कधी आल्या नाहीत. तू माझा हात धरलास तो मध्येच, वाचन चालू असताना, आणि इतका घट्ट की माझी बोटं दुखली. तुझा हात गार होता. मी समजले, तुला पश्चात्ताप होतो आहे. खरं सांगते, मला आनंद झाला.

मग अध्यक्षबाई तुझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाल्या, "आता यापुढेही असंच राहायचं बरं का." आणि तू हसलीस. खाली उतरल्यावर ती दुसऱ्या मजल्यावरची बाई तुला म्हणाली, बदली कुठल्या खात्यात, घड्याळांच्या का? आणि चारचौघी हसल्या. तिला घड्याळ कुठून सुचलं देव जाणे. ती तशीही काहीबाही बोलत असते.

आणि मग आपण घराशी आलो. मी कुलूप काढलं, दिवा लावला, मागे वळून पाहिलं तर तू बाहेरच.

"ये ना आत," मी म्हटलं. "आजच्या रात्रीची सूट आहे, लिहिलं होतं तुला."

"सूट नको मला, ताई."

"म्हणजे काय?"

"तू म्हणालीस पाऊल टाकू नकोस, ते मी ऐकलं. तू कधी रागाच्या भरात बोलत नाहीस, विचार करून बोलतेस. मग मीही विचार करूनच बाहेर थांबते. शब्द आहे तोवर नाही येणार. एका रात्रीपुरती पाहुणी म्हणूनही नाही."

मी म्हटलं, लोकांसमोर तुझ्याबरोबर एवढी मानाने उभी राहिले, आणि तू मला दारात उभी करतेस? तेव्हा तू जे म्हणालीस ते मी रात्रभर ऐकते आहे.

"त्यांना सगळं माहीत आहे, ताई. तिथल्या झाडून सगळ्यांना. मी व्यासपीठावर चढले तेव्हाच त्यांच्या तोंडांवरून मला कळलं."

"मग उतरली का नाहीस?"

"तू एकटी पडली असतीस."

एवढं बोलून तू बसथांब्याकडे निघालीस. मी हाक मारली, तू हात केलास, वळली नाहीस.

आता माझं ऐक. हा तुझ्या मनाचा खेळ आहे. माणसाने एकदा वाकडं पाऊल टाकलं की त्याला सगळीकडे आपल्याकडेच बघणारे डोळे दिसतात. लोकांना माहीत असतं तर त्यांनी मान कशाला दिला असता? लोक काय वेडे आहेत का? एका चांगल्या संध्याकाळीत तू विष कालवून गेलीस. दोघींचं जेवण केलं होतं, ते आज सकाळी मी एकटीने खाल्लं, संध्याकाळीही तेच खाणार आहे.

मानपत्र भिंतीला लावलं आहे.

ताई


२ मार्च

उत्तर नाही.

माझ्या चष्म्याची काडी मोडली, त्यामुळे अक्षर असं आलं आहे. कोपऱ्यावरचं चष्म्याचं दुकान बंद झालंय हे माझ्या लक्षातच नव्हतं. चौकशी करते.

तू नीट पोचलीस ना, एवढं तरी कळव.


१५ मार्च

धाकटे,

या पत्राला तीन वेळा सुरुवात केली. प्रत्येक वेळी चार ओळींतच मी काहीतरी शिकवायला लागत होते, म्हणून फाडलं. आता जे घडलं ते ओळीने सांगते, तू मध्ये थांबू नकोस.

आपले चष्मेवाले शहराच्या दुसऱ्या टोकाला, सायकल दुरुस्तीच्या दुकानांच्या रांगेत एका अरुंद गाळ्यात बसतात. शोधत शोधत मी तिथे गेले. त्यांनी मला पाहिलं आणि उठून उभे राहिले, नमस्कारासाठी नव्हे, निघून जावं की काय असं त्यांना वाटलं असावं. मी चष्मा पुढे केला. त्यांनी काडी बसवायला घेतली. त्यांच्या तोंडाला दारूचा वास येत होता. दुपारचे बारा वाजले होते.

मी इतकी बावळट की मला वाटलं, अरेरे, मानपत्र मिळाल्यावर माणूस बिघडला. आणि तसं मी बोललेही. म्हटलं, गेल्या वर्षी आम्ही तुमचा केवढा गौरव केला आणि हे काय.

त्यांनी स्क्रू फिरवायचा थांबवला नाही. मान खाली घालूनच बोलले.

"प्यायचो मी तेव्हाही, बाई. अख्ख्या वसाहतीला माहीत होतं. कुणी शिव्या घातल्या असत्या तर मी खाल्ल्या असत्या, सवय होती. तुम्ही लिहिलेलं वाचून दाखवलं तेव्हा माझी मुलगी पहिल्या रांगेत होती. तिला वाटलं, बाबांनी खरंच सोडली. सगळ्यांत जास्त टाळ्या तिने वाजवल्या."

मी विचारलं, मुलगी कशी आहे? म्हणाले, आता बोलत नाही माझ्याशी, तिला वर्गातल्या मुलींनी सांगितलं की ते मानपत्र कसं असतं.

"कसं असतं?" मी विचारलं.

तेव्हा त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला हे माहीत नाही, यावर त्यांचा विश्वास बसेना. मग बसला असावा, कारण त्यांचा आवाज एकदम मऊ झाला, आणि ते मला जास्त लागलं. मंडळ कधीच कुणाला नावं ठेवत नाही, धाकटे. ज्याच्यात जे नाही त्याबद्दल त्याला मान देतं. दारुड्याला व्यसनमुक्तीचा, रोज भांडणाऱ्या जोडप्याला सुखी संसाराचा. सगळ्यांसमोर, टाळ्या वाजवून. ज्याला द्यायचं तो नाही म्हणू शकत नाही, कारण नाही म्हणायला कारण सांगावं लागेल. लोक तो कार्यक्रम बघायलाच येतात. आणि दर वर्षी मजकूर माझा असतो, सगळ्यांत चांगले शब्द निवडून निवडून लिहिलेला. मी या वसाहतीत इतकी वर्षं राहते आणि हे मला एकटीलाच माहीत नव्हतं. मला कुणी सांगणार तरी कसं, मी कुणाच्या घरी चहाला तरी जाते का?

घरी आले आणि ते भिंतीवरचं काढलं. वाचलं नाही. तसंच घेऊन अध्यक्षबाईंकडे गेले.

मला वाटलं होतं त्या नाकारतील, किंवा ओशाळतील. छे! त्यांनी मला बसवलं, पाणी दिलं, आणि जसं काही मी एखादी हुशार विद्यार्थिनी आहे असं कौतुकाने बघत म्हणाल्या, "आम्ही कुणाला वाईट म्हणतच नाही. चांगलं म्हणतो. माणूस मग त्या मापाचं व्हायला बघतो. तुमची बहीणही बघा आता, लाजेने परत येईल. तुम्हालाही तेच हवंय ना?"

आणि धाकटे, मला तेच हवं होतं. त्यांनी ते अगदी बरोबर ओळखलं. तू लाजेने परत यावंस, रडावंस, मी तुला जवळ घ्यावं, हे मी किती रात्री मनात घोळवलं आहे ते तुला सांगत नाही. तीच गोष्ट त्या बाईच्या तोंडून ऐकली आणि मला शिसारी आली.

पुढे त्या म्हणाल्या की मानपत्राच्या दोन प्रती त्यांनी तुझ्या गावी धाडल्या आहेत. एक तुझ्या दवाखान्यात, एक घड्याळाच्या दुकानात. मान सगळीकडे कळायला हवा ना, म्हणे.

मी उठले. मी काय म्हणाले ते तुला जसंच्या तसं सांगते, कारण तू तिथे नव्हतीस आणि असायला हवी होतीस.

"माझी बहीण दुसऱ्या बाईच्या नवऱ्याबरोबर राहते. मला ते आवडत नाही. अजूनही आवडत नाही. पण ते मी तिला सांगायचं आणि तिने मला उत्तर द्यायचं. तुम्ही मध्ये टाळ्या वाजवायला कोण?"

त्या म्हणाल्या, तुम्ही आत्ता रागात आहात. मी म्हटलं, हो, आहे. ते मानपत्र त्यांच्या टेबलावर ठेवलं. जिन्यात ती दुसऱ्या मजल्यावरची बाई भेटली आणि बहीण कशी आहे विचारू लागली. मी सांगितलं, बदलीबिदली काही झालेली नाही, ती तिच्या माणसाकडे राहते. ती बाई एकदम बाजूलाच झाली. जिना माझ्यासाठी एवढा मोकळा कधी झाला नव्हता.

तेव्हापासून खाली कुणी माझ्याशी बोलत नाही. आधीही फारसं कुणी बोलत नव्हतं, पण तेव्हा मला वाटायचं की ते मला मानतात म्हणून बोलत नाहीत. संध्याकाळी घरात इतकी शांतता असते की भांडं ठेवल्याचा आवाज मला दचकवतो. तू राहायला यावंस म्हणून मी हे लिहीत नाही. फक्त हे आहे, आणि तुला सोडून कुणाला सांगू?

तुझं उत्तर का आलं नाही ते आता कळलं. मी लिहिलेला तो कागद तुझ्या डॉक्टरांच्या टेबलावर गेला असणार. तुला कामावरून काढलं का? की लोक येऊन तुझ्याकडे बघून जातात? मी तिथे येऊन डॉक्टरांना सांगू का, की हे माझं लिखाण आहे आणि ते दुष्टपणाने वापरलं गेलं? माझ्या मनात तसंच होतं, बॅगही काढली. मग वाटलं, पुन्हा मीच ठरवते आहे की तुझ्यासाठी योग्य काय. तू सांग. नको म्हणालीस तर नाही येणार दवाखान्यात.

पण घरी येऊ का?

माझा तो शब्द मी मागे घेते. विचार करून बोलले होते, हे तू बरोबर ओळखलंस. विचार करूनच मागे घेते. या घराची एक किल्ली तुझीच आहे, हवं तेव्हा ये, आल्यावर चपला कुठेही फेक, मी बोलणार आहे, बोलल्याशिवाय मला राहवायचं नाही, पण ये. आणि ते जमेपर्यंत मला तिकडे येऊ दे. शनिवारी दुपारची बस आहे. तू आत घेतलंस तर आत येईन. दारात थांब म्हणालीस तर थांबेन, त्याबद्दल मी तुला काही म्हणू शकत नाही.

एक अडचण मात्र आहे, ती तूच सोडवायला हवी. घड्याळवाल्यांना मी काय म्हणून हाक मारायची? मेहुणे म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि समोरच्या माणसाला घड्याळवाले म्हणणं बरं दिसत नाही. तू सांगशील ते म्हणेन. त्यांच्या पत्नीचं तसं नाही, त्यांच्याबद्दल मी विचार केला आहे. तू लिहिलं होतंस की त्या माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी मोठ्या आहेत. त्यांना मी ताई म्हणेन. त्यांना कळलं नाही तरी चालेल. मला अजून कुणाला ताई म्हणायला मिळालेलं नाही.

तुझी,
ताई